उद्या अयोध्येचा निकाल, सोलापुरात दुकान उघडायचं का?

नव्यापेठेतला | ८ नोव्हेंबर २०१९, रात्री ९:५२

मंडळी, आत्ता टीव्हीवर पट्टी आली, अयोध्येचा निकाल उद्या सकाळी साडेदहाला. सरन्यायाधीश गोगोई १७ तारखेला रिटायर होणार म्हणून त्याच्या आत कधीतरी येणार हे माहीत होतं, पण मला वाटलं पुढच्या आठवड्यात. हे शुक्रवारी रात्री सांगून शनिवारी सकाळी. माझं नव्या पेठेत रेडिमेडचं छोटं दुकान आहे. यंदाची दिवाळी पावसाने धुतली, आता तुळशीची लग्नं लागली की लगीनसराईचं गिऱ्हाईक येईल म्हणून माल भरून ठेवलाय. कामाला तीन पोरं, दोघं विडी घरकुल वसाहतीतून येतात, एक शास्त्री नगरचा. शेजारचे अर्धे म्हणतात बंद ठेवू, अर्धे म्हणतात उघडून बघू. त्यात आई कार्तिकीला पंढरपूरला गेलीय, उद्या बारस सोडून निघणार.

तुम्ही काय करणार? भीती वाटते म्हणायला लाज वाटते पण वाटतेय, खोटं कशाला बोलू.

बे_सोलापुरी | रात्री ९:५८

उघड की बे. तसंही तुझ्या दुकानात चारच्या वर माणसं कधी बघितली नाहीत, जमावबंदी आपोआप पाळली जाते.

जुळे_सोलापूरकर | रात्री १०:०४

चेष्टेचा विषय नाही हा. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर आत्ताच दूध दोन पिशव्या जास्त सांगून ठेवा म्हणून मेसेज आलाय, खाली पंपावर रांग लागलीय, मी स्वतः बघून आलो. विजापूरला मेव्हणी असते तिचा फोन आला, कर्नाटकात उद्या शाळांना सुट्टी दिली. सरकार सुट्टी देतं म्हणजे त्यांना काहीतरी माहिती असणारच ना? आणि आपल्याकडे तर सरकारच नाही, मुख्यमंत्र्यांनी आज दुपारी राजीनामा दिला. निर्णय कोण घेणार? एक दिवसाच्या धंद्यासाठी काचा फोडून घेऊ नका. माझं मत बंद.

टॉवेलवाला | रात्री १०:२१

@जुळे_सोलापूरकर तुमचा महिन्याचा पगार एक तारखेला खात्यात येतो. तुम्हाला "एक दिवस" म्हणणं सोपं आहे.

आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे, मोठा नाही. आमच्याकडे माग फिरला तर कामगाराला पैसे, नाही फिरला तर नाही. हाच खटला २०१० ला हायकोर्टात होता तेव्हा काय झालं आठवतं का? २४ सप्टेंबरला निकाल म्हणून अर्धे कामगार आधीच बायकापोरं घेऊन गावाकडे गेले. मग सुप्रीम कोर्टाने थांबवला, तारीख पुढे गेली. गेलेले परत आले, बीम चढवले, तर ३० सप्टेंबरची तारीख आली आणि परत गेले. शेवटी ३० ला दुपारी निकाल आला, तीन भाग करा म्हणाले, आणि सोलापुरात एक कपबशी फुटली नाही. पण त्या दहा दिवसांत आमची टॉवेलची ऑर्डर बोंबलली आणि कामगारांनी दुकानदाराकडून उधारीवर तांदूळ नेला. दंगल झालीच नाही, पण तिचं बिल मात्र आम्ही भरलं.

मी उद्या कारखाना चालू ठेवणार.

कडकभाकरी | रात्री १०:२९

हे बघा मला तीन ग्रुपवर आलंय, "उद्यापासून सर्व कॉल रेकॉर्ड होणार, व्हॉट्सअपवर दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली तर सरकारने तुमचा मेसेज वाचला, तीन लाल दिसल्या तर कोर्टाची नोटीस". खरं आहे का? मी मघाशी मावशीला गुड नाईटचं गुलाबाचं फूल पाठवलं त्याला दोनच टिक आल्या, पण माझं पोट दुखूलालंय.

बे_सोलापुरी | रात्री १०:३१

गुलाबाच्या फुलावर नोटीस यायलाच पाहिजे. रोज पाठवतोस बे तू.

होटगीरोडचा_वकील | रात्री १०:४८

ती लाल टिक पूर्ण थाप आहे, असली टिक अस्तित्वातच नाही. सगळ्यांचे कॉल असे सरसकट रेकॉर्ड करता येत नाहीत, टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२) खाली गृहसचिवांच्या पातळीवरून लेखी आदेश लागतो. मात्र भडकाऊ काही फॉरवर्ड केलंत तर भारतीय दंड संहितेच्या कलम १५३अ आणि ५०५ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, त्याला लाल टिकेची गरज नाही, तुमच्या ग्रुपमधल्या एकाने स्क्रीनशॉट नेऊन दाखवला की पुरे.

दुसरं, रात्रीपासून "सोलापुरात जमावबंदी लागली" असं फिरतंय. बाबांनो, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ खालचे आदेश आयुक्तालय वर्षभर काढतच असतं. शस्त्र, दगड, मशाली जवळ बाळगू नका, पाच किंवा जास्त लोक जमवू नका, मिरवणूक परवानगीशिवाय काढू नका. एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत, संपला की परत नवा. पेपरात आतल्या पानावर बारीक चौकट असते, एरवी तिच्याकडे कोणी बघत नाही. लग्नं आणि अंत्ययात्रा त्यातून बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ वेगळं, आणि कर्फ्यू त्याहून वेगळा. लोक तिन्ही एकाच पिशवीत भरतात आणि मग किराणा दुकानात धावतात.

नव्यापेठेतला | रात्री १०:५५

वकीलसाहेब म्हणजे दुकानात मी, तीन पोरं आणि एक गिऱ्हाईक झालं की पाच?

होटगीरोडचा_वकील | रात्री १०:५७

दुकानात चाललेला धंदा म्हणजे जमाव नव्हे. पण गिऱ्हाईक आलं तर फोटो टाका, आम्हालाही बघायचंय.

मंगळवारपेठ_गुरुजी | रात्री ११:२०

मी निवृत्त शिक्षक. वरचं सगळं वाचलं. टॉवेलवाल्यांचं पटतं, पण भीतीला नुसतं हसू नये.

२००२ चा ऑक्टोबर इथल्या किती जणांना आठवतो माहीत नाही. अमेरिकेतल्या एका पाद्र्याने, जेरी फॉलवेल त्याचं नाव, तिकडच्या टीव्हीवर पैगंबरांबद्दल अपशब्द वापरले. त्याच्या निषेधाचा बंद इथे झाला आणि त्यातून दगडफेक, जाळपोळ, गोळीबार, कर्फ्यू. माणसं गेली. अमेरिकेतल्या स्टुडिओत कोणी तरी काहीतरी बोलतो आणि विजापूर वेशीत दुकान जळतं. तेव्हा आमच्या शाळेतली पाचवीची मुलं आठवड्यानंतर वर्गात आली तर बाकावर बसण्याची जागा त्यांनी आपापली बदललेली होती. कोणी सांगितलं नव्हतं. ते मला जाळपोळीपेक्षा जास्त लागलं. तर हा मित्र घाबरला असेल तर त्याला कारण आहे. सोलापूर शांत शहर आहे हे खरं, नेहमीच होतं असं नाही.

आणि निकालाचं म्हणाल तर या शहराने १९३० साल बघितलंय. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मग खटला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. तो निकाल कोणाला मान्य होता? पण तेव्हा माणसं एका बाजूला होती आणि सरकार दुसऱ्या बाजूला. आताची भीती शेजाऱ्याची आहे. चार पुतळ्यांसमोरून रोज जातो आपण, नावं किती जणांना येतात?

बे_सोलापुरी | रात्री ११:२४

गुरुजी मला येतात. तुम्हीच पाठ करून घेतली होती, छडी घेऊन.

पोलिसाची_बायको | रात्री ११:४०

माझे मिस्टर ग्रामीण पोलिसात आहेत. आज एकादशीचा बंदोबस्त होता, पहाटे तीनपासून पंढरपुरात उभे. दर्शनबारी, वाळवंट, स्टँड, लाखो माणूस. पौर्णिमेपर्यंत तिथेच असतात दरवर्षी. आत्ता साडेनऊला फोन आला, सुट्ट्या सगळ्या रद्द, काही जणांना रात्रीतून दुसऱ्या पॉइंटवर हलवूलालेत. म्हणाले जेवलोय, पण मला माहितेय जेवलेले नाहीत.

@नव्यापेठेतला तुमच्या आईची काळजी करू नका. कार्तिकीच्या गर्दीत सगळ्यात जास्त पोलीस आत्ता तिथेच आहेत, वारकऱ्यांना गाडीत बसवूनच सोडतात. फक्त रात्रीच्या गाडीने निघू नका म्हणावं, उजेडात या. आणि सगळ्यांना हात जोडून विनंती, खरं वाटलं तरी फोन करून खात्री केल्याशिवाय "अमुक चौकात दगडफेक" असं लिहू नका. तुम्ही लिहिता आणि माझा नवरा तिकडे पळतो. बहुतेक वेळा तिथे दोन गाड्या घासल्या म्हणून भांडण चाललेलं असतं.

शबाना_बेगमपेठ | रात्री ११:५८

मी बराच वेळ नुसती वाचत होते. इथे कोणी वाईट बोललं नाही, बरं वाटलं. पण एक सांगू का, उद्या टीव्हीवर "संवेदनशील भाग" म्हणून जे दाखवतील त्यात आमची गल्ली असते. मी तिथे जन्मले, तिथेच क्लास घेते, माझ्याकडे चौथी ते सातवीची मुलं येतात. आम्हाला तो भाग संवेदनशील वाटत नाही हो, गटारीचा वास येतो एवढंच.

आणि भीती दोन्हीकडे सारखी नसते. तुम्ही दुकान उघडायचं की नाही विचारताय. माझा भाऊ विचारतोय की उद्या कामावर जाताना रस्ता बदलून जाऊ का. तो विडीच्या शाखेत मुकादमाकडे हिशेब लिहितो. शाखा बंद राहिली तर त्याच्यापेक्षा त्या बायकांचं काय, पान-तंबाखू मिळालं नाही तर विड्या वळणार कशाच्या? हजार विड्या दिल्या तर दिवस भरतो. त्यात हिंदू पद्मशाली बायका पण आहेत, आमच्या पण आहेत, सगळ्यांचा एकच प्रश्न, शाखा उघडणार का.

परवा ईद-ए-मिलाद आहे, पोरांचे हिरवे फेटे शिवून तयार आहेत. जुलूसचं काय ते अजून ठरायचंय. आमच्या गल्लीतल्या पोरांना त्या निकालापेक्षा फेट्याचं टेन्शन आहे.

पुण्यातून_सोलापूर | ९ नोव्हेंबर, रात्री १२:१५

मी पुण्यात असतो पण आईवडील साखर पेठेत. टॉवेलवाल्यांना एक विचारायचंय. २०१० ला काही झालं नाही म्हणून उद्याही होणार नाही हे कसं? २०१७ ला पंचकुल्यात बाबा राम रहीमचा निकाल होता, २५ ऑगस्ट. तीसपेक्षा जास्त माणसं मेली. गेल्या वर्षी २ एप्रिलला अॅट्रॉसिटीच्या निकालावरून भारत बंद झाला, त्यातही लोक गेले. कावेरीच्या पाण्यावर २०१६ ला बंगळुरात बसच्या बस जाळल्या. निकाल आणि दंगा हा संबंध आपण काय हवेतून काढला नाही.

होटगीरोडचा_वकील | रात्री १२:३१

चांगला मुद्दा, पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचकुल्यात निकालाच्या आधी दोन-तीन दिवस लोक येऊन रस्त्यावर मुक्कामाला होते, जमावबंदी कागदावर होती आणि कोणी उठवलं नाही, त्यावरून हायकोर्टाने सरकारला झापलं. म्हणजे निकालाने नाही, जमू दिलेल्या गर्दीने झालं. अॅट्रॉसिटीचा निकाल २० मार्चला आला, बंद २ एप्रिलला, मध्ये जवळजवळ दोन आठवडे. उद्या कोणाला कुठे जमायला वेळच नाही. रात्री नऊला सांगून सकाळी साडेदहाला, शनिवारी, कोर्टाला सुट्टी असताना. तुम्हाला ही घाई वाटतेय, मला तर हाच बंदोबस्ताचा भाग वाटतोय.

पुण्यातून_सोलापूर | रात्री १२:३६

हे पटलं. पण आईला उद्या भाजीला जाऊ नको म्हणून सांगितलंय. तेवढं राहू द्या.

संचालक | रात्री १२:४०

सूचना: उद्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा नवीन प्रतिसाद तपासून मग प्रकाशित होतील. निकाल बरोबर की चूक यावर इथे चर्चा नको, त्यासाठी दुसऱ्या साईट भरपूर आहेत. मघाशी दोन प्रतिसाद उडवलेत, ज्यांचे उडवले त्यांना माहीत आहे.

कडकभाकरी | रात्री १२:४४

माझा उडवला का? मी फक्त शेंगाचटणी कुठली चांगली ते विचारलं होतं.

संचालक | रात्री १२:४६

तो उडवला कारण तो प्रत्येक धाग्यावर असतो.

टॉवेलवाला | ९ नोव्हेंबर, दुपारी १:१०

कारखाना उघडला. सकाळी आठला निम्मेच कामगार, दहापर्यंत आणखी काही आले. साडेदहाला सगळे माग बंद! मला वाटलं लाईट गेली. तर सगळे जॉबरच्या, म्हणजे माग बघणाऱ्या मुख्य कारागिराच्या, मोबाईलभोवती गोळा. अकराच्या पुढे निकाल कळला, एक-दोन जण काही बोलले, जॉबर ओरडला "चला रे, कांड्या संपल्यात" आणि खडखडाट परत सुरू. एवढंच.

होटगीरोडचा_वकील | दुपारी २:०५

ज्यांना फक्त माहिती हवी त्यांच्यासाठी. पाच न्यायमूर्ती, निकाल एकमताने, हजारावर पानं. २.७७ एकर जागा मंदिरासाठी, केंद्राने तीन महिन्यांत ट्रस्ट करायचा. सुन्नी वक्फ बोर्डाला अयोध्येतच पाच एकर. २०१० ची तीन वाटण्यांची कल्पना रद्द. १९४९ ला मूर्ती ठेवणं आणि १९९२ ला मशीद पाडणं दोन्ही बेकायदा होतं असंही त्याच निकालात लिहिलंय, हे फॉरवर्डमध्ये सापडणार नाही म्हणून सांगतो. पुनर्विचार याचिका करता येते. संचालक, यात मत एकही नाही, उडवू नका.

जुळे_सोलापूरकर | दुपारी ३:२०

सात रस्ता ते पार्क चौक गाडीवरून जाऊन आलो. रस्ते दुपारच्या झोपेसारखे. चौकाचौकात पोलीस, झाडाखाली बसून डबे खाऊलालेत. पंपावर कोणी नाही. माझ्या फ्रिजमध्ये सहा लिटर दूध आहे, कोणाला पाहिजे का?

बे_सोलापुरी | दुपारी ३:२२

बासुंदी कर बे आणि धाग्यावर सगळ्यांना बोलाव. पाचपेक्षा जास्त नको.

शबाना_बेगमपेठ | दुपारी ४:४५

सगळीकडे "शांतता, शांतता, शाब्बास" चाललंय. ठीक आहे, शांतता आहे, मी पण त्यातलीच एक. पण शांत आहेत म्हणजे सगळ्यांना पटलंय असं धरू नका. मला निकाल पटला नाही. भाजी आणायची होती, आणली. क्लास सुट्टी दिला नाही, अकरा मुलं आली, अपूर्णांक शिकवले. भाऊ नेहमीच्याच रस्त्याने गेला. शाखा उघडी होती.

मंगळवारपेठ_गुरुजी | संध्याकाळी ५:१०

शबानाताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. मला पटलाय निकाल, तुम्हाला नाही. आपण दोघं कन्ना चौकातल्या एकाच भाजीवालीकडे जातो बहुतेक.

शबाना_बेगमपेठ | संध्याकाळी ५:१४

ती कोथिंबीर महाग देते, तिच्याकडे नाही जात मी.

पोलिसाची_बायको | संध्याकाळी ५:४०

मिस्टरांचा फोन आला, आवाज बसलाय पण ठीक आहेत. पौर्णिमा मंगळवारी, त्याच्या आत घरी येत नाहीत. ज्यांनी आज पॉइंटवरच्या पोलिसांना चहा दिला त्यांना माझा नमस्कार.

नव्यापेठेतला | संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. सकाळी अर्ध्या शटरवर उघडलं, साडेदहाला शेजारच्यांनी ओढलं म्हणून मी पण ओढलं, बारा वाजता कोणीतरी उघडलं म्हणून परत उघडलं. म्हणजे पेठेत कोणाला कोणाची भीती होती ते कळलंच नाही, सगळे एकमेकांच्या शटरकडे बघत होते. गिऱ्हाईक दोन, एक नवरदेवाचा भाऊ, सफारीचं कापड बघून गेला. आई दुपारच्या गाडीने आली, तुळस आणि बुक्का घेऊन, तिला निकालाचं स्टँडवर कळलं.

आता खरी पंचाईत. घरकुलातली दोन पोरं आली नाहीत, घरच्यांनी सोडलं नाही. शास्त्री नगरचा आला. आता त्या दोघांचा आजचा रोज कापायचा का?

टॉवेलवाला | संध्याकाळी ७:४१

आमच्याकडे काम नाही तर पैसे नाहीत असाच रिवाज आहे. पण मी आज आलेल्यांना जेवण दिलं.

पुण्यातून_सोलापूर | संध्याकाळी ७:४८

काल तर तुम्हीच म्हणत होतात भीतीचं बिल गरीब भरतो. मग आज ते बिल तुम्हीच त्याच्या हातात देताय की.

टॉवेलवाला | संध्याकाळी ८:०२

मग काय करू, उद्यापासून जो घाबरेल त्याला पगारी सुट्टी देऊ? माझ्याकडे अठरा माग आहेत, आयटी कंपनी नाही. व्यापाऱ्याने मला आज बंद होतं म्हणून जास्तीचे पैसे दिले का?

शबाना_बेगमपेठ | संध्याकाळी ८:१०

दादा तुम्ही पेठवाल्यांनी स्वतःच शटर ओढलं बारापर्यंत. मग त्या पोरांचा अर्धा रोज तरी तुमच्याकडे निघतो.

नव्यापेठेतला | संध्याकाळी ८:१३

हे बरोबर आहे. अर्धा देतो. शास्त्री नगरवाल्याला पूर्ण, आणि वर शंभर.

बे_सोलापुरी | संध्याकाळी ८:१५

मी पण आज घाबरून ऑफिसला गेलो नाही, माझा अर्धा कोणाकडे मागायचा?

कडकभाकरी | संध्याकाळी ८:१९

उद्या जुलूस निघाला तर रस्ता कुठून असणार? मला सकाळी दहाला बाळे साईडला जायचंय, सोबत चटणीचे डबे आहेत.

संचालक | संध्याकाळी ८:२५

रस्त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे पगाराचं भांडण नीट चाललंय, ते चालू द्या. आणि चटणीचं नाव काढलं म्हणून हा प्रतिसाद उद्या सकाळी उडेल.